जाड तारा आणि वाकलेली नेक: नाशिकमधल्या एका बेसचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण चोविशीतल्या एका बेसवादकाचं, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याचं आहे. त्याच्या परवानगीनं लिहितो आहे. त्याचं नाव, त्याचा ऑर्केस्ट्रा, बेस विकणारा माणूस आणि बेसची कंपनी यांची ओळख मुद्दाम गाळली आहे. मी स्वतः बरीच वर्षं बेस वाजवतो, आणि नाशिकमधल्या ओळखीच्या पोरांचे बेस घरच्या टेबलावर सेटअप करून, म्हणजे वाजवायला नीट जुळवून देतो. दुकान नाही, पाटी नाही. आपल्याकडे तंबोरा बिघडला की मिरजेची वाट धरायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. बेसला असं गाव नाही, त्यामुळे आपल्या वाद्याचं बरंचसं आपणच शिकावं लागतं.

हा मुलगा अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. आठवडाभर शिफ्ट आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रा. गणपती, नवरात्र, हळदी, वाढदिवस, शिवजयंती असे कार्यक्रम असतात. दोन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक आणि हा. त्याच्याआधी या मंडळींत बेसवाला कधी नव्हताच. कीबोर्डवाले सर पन्नाशीचे, वीस वर्षं हाच ऑर्केस्ट्रा सांभाळणारे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑगस्टमध्ये त्यानं मुंबईच्या उपनगरातून सेकंड हँड बेस घेतला. चार तारांचा, पी-बेस पद्धतीचा, मेपलची नेक (तारा जिच्यावरून जातात तो लांब दांडा), त्यावर बोटं टेकायची रोजवूडची पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड, आणि तिच्यावर २० फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या. किंमत अठरा हजार. पी-बेस म्हणजे लिओ फेंडरनं १९५१ मध्ये आणलेल्या प्रिसिजन बेसचा साचा. नेकवर फ्रेट ठोकलेले असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’. बिनफ्रेटच्या उभ्या बेसवर सूर शोधणाऱ्यांना हे केवढं सोयीचं वाटलं असेल! तारेची वाजती लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. आजही बहुतेक बेस याच मापाचे असतात.

विकणाऱ्याच्या घरी त्यानं दहा मिनिटं वाजवून पाहिलं. आवाज स्वच्छ होता, नॉब खरखरत नव्हते, तारा जुन्या पण चांगल्या लागलेल्या. पैसे दिले, बॅग पाठीला लावली, कल्याणला पंचवटी एक्सप्रेसमध्ये चढला आणि रात्री नाशिकला उतरला. गणपती आणि नवरात्र त्याच बेसवर झाले. मी तेव्हा तो बेस हातात घेतला होता. काहीच तक्रार करण्यासारखं नव्हतं.

अडचण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन आला.

“काका, नेक गेली वाटतं. बाराव्या फ्रेटच्या पुढे तार दाबताच येत नाही. आणि हात वर-खाली केला की फ्रेटची टोकं बोटाला लागतात, चक्क ओरखडा उठलाय.”

मी विचारलं, “काही बदललंस का?” तो म्हणाला, “दिवाळीनंतर तारा बदलल्या, बाकी काही नाही.” मी उशीवर डोकं टेकलेलं. म्हणालो, “पुढे वाकली असेल. ट्रस रॉड पाव फेरा आवळ, घड्याळाच्या दिशेनं. सकाळी बघ.”

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातली पोलादी सळई. तारा नेकला पुढे, म्हणजे वादकाच्या बोटांच्या बाजूला ओढतात आणि सळई तिला मागे धरून ठेवते. सळईच्या टोकाला नट असतो, त्यात अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी चावी, घालून फिरवायचं. आवळलं की नेक मागे जाते, सैल केलं की तारांच्या ओढीनं पुढे येते. एवढंच तंत्र आहे, पण ताकद सगळी एका बोटाएवढ्या नटवर येते.

त्यानं कंपनीतून आणलेल्या संचातली ५ मिलिमीटरची की घालून पाहिली, ती जाईना. ४.५ ची गेली, थोडी सैल. पाव फेरा फिरला. सकाळी फरक जाणवला नाही म्हणून अजून पाव फेरा द्यायला गेला, तर की आतल्या आत घसरली. त्यानं जोर लावला, की पुन्हा घसरली. त्या बेसच्या नटचं माप इंचात होतं, ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. दोन मेट्रिक मापांच्या अगदी मधोमध. नटच्या तोंडाशी षटकोनाच्या कडा गोल झाल्या.

रविवारी तो बेस घेऊन माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचा मोठा कार्यक्रम, हातात पाच आठवडे.

आधी मोजलं. पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, शेवटच्या फ्रेटला जाड तार दाबून धरली आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट फिलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी पाहिली. ०.८५ मिलिमीटर. अशा बेसला साधारण ०.३० ते ०.३५ पुरते. सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची ३.६ मिलिमीटर होती, ती २.४ च्या आसपास हवी. म्हणजे नेक पुढे वाकली होती हे खरं. फ्रेटची टोकं दोन्ही कडांना बाहेर आलेली, बोट फिरवलं की करवतीसारखी लागायची.

मग तारांचं पाकीट मागितलं. जुन्या तारा ४५–१०५ होत्या. नव्या ५०–११०. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, म्हणून पाच अंकांचा फरक कुणाला मोठा वाटत नाही. पण तारेची ओढ जाडीच्या वर्गानं वाढते. सर्वांत बारीक तार ४५ ची ५० केली तर जाडी ११ टक्के वाढली, ओढ मात्र २३ टक्के. चारही तारा मिळून आधीच्या संचाची ओढ ८३ किलोच्या आसपास होती, नव्याची ९५ च्या आसपास. नेकवर बारा किलोचं जास्तीचं ओझं दिवसरात्र टांगल्यासारखं. शिवाय त्या तारा डोक्याजवळच्या हाडाच्या नटमधल्या (हा नट वेगळा, तारा जिच्यावरून जातात ती खाचांची पट्टी) खाचांत नीट बसतच नव्हत्या, वर तरंगत होत्या. त्यामुळे पहिल्या फ्रेटलाही बोट दुखायचं आणि सूर किंचित चढा यायचा.

फ्रेटच्या टोकांचं कारण वेगळं. बेस विकणाऱ्याच्या घरी समुद्राची दमट हवा, तीही ऑगस्टची. नाशिकचा हिवाळा कोरडा, पारा दहाच्या खाली उतरणारा. लाकूड सुकलं की रुंदीत आकसतं, धातूचा फ्रेट आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. यात कुणाची फसवणूक नाही की बेस खराब नाही. पण ही दोन लक्षणं एकाच आठवड्यात त्याच्या बोटांना जाणवली आणि त्यानं त्यांचा एकच अर्थ लावला: नेक गेली.

मी विचारलं, “जाड तारा लावल्याच कशाला?”

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, नवरात्रात मी नऊ दिवस वाजवलं. घरच्यांनी व्हिडिओ काढले. एकातही माझा बेस ऐकू येत नाही. जाड तारांनी आवाज जाड होतो असं सगळे म्हणतात.”

मला हे आधी विचारायला हवं होतं. आम्ही तो व्हिडिओ लावला. बेस खरंच ऐकू येत नव्हता. पण खालचा सूर ऐकू येत होता, भरपूर. तो कीबोर्डचा होता. सरांचा डावा हात प्रत्येक गाण्यात तेच सूर वाजवत होता जे हा वाजवत होता. त्यातच ऑक्टोपॅडचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका. एका अरुंद दारातून तिघं एकदम घुसायला बघत होते.

पर्याय

पाच पर्याय टेबलावर आले. काही त्यानं मांडले, काही मी.

बेस विकून टाकावा, हा त्याचा पहिला विचार. कडा गेलेला नट आणि वाकलेली नेक सांगून विकायचा तर निम्मेही आले नसते. न सांगता विकायचा विचार त्याच्या मनातही आला नाही, हे नोंदवून ठेवतो.

नवी नेक बसवणं. पी-बेसची नेक चार स्क्रूंवर असते, सुटी मिळते, बसवताही येते. पण बरी नेक बारा-पंधरा हजारांखाली मिळेना, आणि नव्या नेकचे फ्रेट घासून सपाट करावे लागतात ते वेगळं. अठरा हजारांच्या बेसवर एवढा खर्च मला पटला नाही. त्यातून जुनी नेक खरंच मेली आहे का, हे आम्ही अजून तपासलंच नव्हतं.

मुंबईला किंवा पुण्याला कारागिराकडे पाठवणं. हा खरा पर्याय होता आणि मी तो शेवटपर्यंत हातचा राखून ठेवला. अडचण वेळेची. नेणं-आणणं, रांग, शिवाय नेकला प्रत्येक फेरफारीनंतर स्थिरावायला लागणारे दिवस. कार्यक्रमाआधी बेस परत मिळेल याची खात्री नव्हती.

उष्णता देऊन नेक सरळ करणं. फिंगरबोर्डचा गोंद गरम करून मऊ करायचा, नेक शिकंजात उलटी बाकवायची आणि तशीच थंड होऊ द्यायची. हे करणारे आहेत. मी केलेलं नाही आणि दुसऱ्याच्या वाद्यावर पहिल्यांदा करणार नाही.

पाचवा पर्याय सर्वांत कंटाळवाणा: ओझं काढायचं, थांबायचं, मोजायचं, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही तोच घेतला. मुदतही घालून घेतली. ३१ जानेवारीपर्यंत नेक ०.४ च्या आत आली नाही किंवा नट फिरेनासा झाला, तर बेस मुंबईला जाईल आणि कार्यक्रमाला माझा बेस तो वाजवेल. ही मुदत ठरवल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगायचं तर माझाही. मुदत नसती तर मी त्या नटशी महिनाभर झुंजत बसलो असतो.

प्रत्यक्ष काय केलं

पहिल्या दिवशी रॉडला हातच लावला नाही. तारा हळूहळू उतरवल्या, चारही समान सैल करत, आणि काढून टाकल्या. नेक रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीतून २४ इंची स्टीलची पट्टी आणली. ती फ्रेटांवर उभी धरून खिडकीकडे तोंड केलं आणि पट्टीखालून येणारा उजेड पाहिला. मधोमध केसाएवढी रेघ, बस्स. नेकला पीळही नव्हता. टोकाकडून पाहिलं तर पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसत होते.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण हा. तारांचं ओझं काढल्यावर नेक आपणहून जवळजवळ सरळ झाली, म्हणजे लाकूड कायमचं वाकलेलं नव्हतं. ते फक्त भाराखाली दबलं होतं. नवी नेक आणि उष्णता हे दोन्ही पर्याय त्याच सकाळी बाद झाले. आणि हे कळायला पट्टी, खिडकी आणि एक रात्र, एवढंच लागलं.

मग ४५–१०५ चा नवा संच लावला. सुरात आणला, दोन दिवस ठेवला. आठव्या फ्रेटवर आता ०.५५. ट्रस रॉडला न शिवता ०.३० मिलिमीटर परत मिळाले होते.

उरलेल्या ०.२० साठी रॉड फिरवणं भाग होतं. सातपूरच्या हार्डवेअर दुकानात ३/१६ इंची अ‍ॅलन की मिळाली, नव्वद रुपयांना. ती नवी असणं महत्त्वाचं होतं, कारण वापरून टोक झिजलेली की योग्य मापाची असूनही नट खाते. नटच्या तोंडातला पितळ-लोखंडाचा भुगा आणि धूळ लाकडी दातकोरणीनं काढली. टॉर्चनं पाहिलं तर बाहेरचे दोनेक मिलिमीटर गोल झाले होते, आतल्या कडा शाबूत होत्या. सैल की पूर्ण आत न घालता वरवर फिरवल्यामुळे फक्त तोंड गेलं होतं. त्याचं नशीब.

इथे दुसरा निर्णय. पकड मिळत होती, त्यामुळे आवळून मोकळं व्हायचा मोह दोघांनाही झाला. त्याऐवजी आधी सैल केलं, फक्त एक अष्टमांश फेरा. नट मोकळा आहे का, आटे जाम झालेत का, हे आवळताना कळत नाही. आवळताना कळतं तेव्हा काहीतरी तुटलेलं असतं. नट हलला. नेमक्या जागी यंत्राच्या तेलाचा अर्धा थेंब दिला, टोकाला कापसाचं बोळं गुंडाळून, लाकडाला लागू न देता.

मग तारा सैल केल्या. बेसची बॉडी टेबलावर जाड चादरीवर ठेवली, नेकच्या मध्याखाली पुस्तकांची चळत, आणि त्यानं डोक्याकडची बाजू दोन्ही हातांनी अगदी हलकी खाली धरली. म्हणजे नेक आम्हाला हवी त्या दिशेला हातांनीच नेली आणि नटवरचा भार काढला. त्या स्थितीत मी एक अष्टमांश फेरा आवळला. लोणी कापावं तसा गेला. नेक हलवायचं काम हातांनी करायचं आणि नटनं फक्त ती जागा धरून ठेवायची. नटलाच नेक ओढायला लावलं की असे नट मरतात. तारा सुरात, एक रात्र, मोजमाप: ०.४४. पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेनंतर ०.३५. थांबलो. २४ जानेवारी होती, मुदतीला आठवडा बाकी.

पुढचं भराभर झालं. बॉडीवरच्या ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारा जिथे टेकतात ते ठोकळे, उतरवून सतराव्या फ्रेटवर जाड तार २.४ आणि बारीक तार २.० मिलिमीटरवर आणली. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून सॅडल पुढे-मागे केले. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे.

फ्रेटच्या टोकांना मी लगेच कानस लावली नाही. रोजवूडला कापडानं अगदी थोडं लेमन ऑइल दिलं. चारशे-पाचशेचा आर्द्रतामापक बॅगेत ठेवायला सांगितला आणि बॅग पंख्याखाली किंवा गच्चीच्या खोलीत न ठेवता आतल्या कपाटात. महिनाभरात टोकं निम्मी आत गेली. उरलेली मी एप्रिलमध्ये बारीक कानशीनं घासली. कोरड्या दिवसांत घासलेली टोकं पुन्हा बाहेर येत नाहीत. पावसाळ्यात घासायला गेलात तर घासायला काही सापडतच नाही आणि जानेवारीत पुन्हा ओरखडे.

उरला मूळ प्रश्न. बेस ऐकू येत नव्हता.

यातला थोडा भाग त्याच्या हातात होता. अँपवरचा बेसचा नॉब तो शेवटपर्यंत फिरवून ठेवायचा आणि मिडल, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, खाली. बेसची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला ४१ कंपनांवर वाजते. त्याच्या दहा इंची स्पीकरला एवढ्या खालचा सूर जेमतेम काढता येतो. मंडपात गोंगाट असतोच. आपला कान खालचा मूळ सूर हरवला तरी त्याच्या वरच्या पटींवरून, म्हणजे दुप्पट-तिप्पट कंपनांच्या सुरांवरून, तो ओळखतो, मेंदू रिकामी जागा भरून काढतो. त्या पटी मिडलमध्ये असतात, आणि त्याच त्यानं बंद करून ठेवल्या होत्या. बेसचा नॉब मध्यावर आणला, मिडल वाढवला. माझ्या खोलीत त्याला आवाज ‘पातळ’ वाटला. मी म्हटलं, एकट्याचा आवाज पातळच लागेल, सगळ्यांत बसल्यावर ऐक.

दुसरा भाग त्याच्या हातात नव्हता. सरांना सांगायला हवं होतं.

“मी कसं सांगणार काका? सर मला गुरूसारखे आहेत.”

मी सांगू का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, आणि त्याच्या ऑर्केस्ट्रात बाहेरचा माणूस येऊन सरांना शिकवून गेला असं झालं असतं. आम्ही फक्त वाक्य ठरवलं. तक्रार नाही, विनंती, आणि तीही एकाच गाण्यापुरती. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तालमीत तो म्हणाला, “सर, पुढच्या गाण्यात डावा हात थोडा मोकळा ठेवाल का? मला माझी चूक ऐकायची आहे.” सरांनी मान वर केली आणि म्हणाले, “अरे, आधी सांगायचंस ना. बेसवाला कधी नव्हताच आपल्याकडे, म्हणून हात आपोआप जातो खाली.” त्या दिवशी चार गाणी त्यांनी उजव्या हातावर वाजवली. दोनदा विसरले, दोनदा स्वतःच हसले.

निष्पत्ती

१९ फेब्रुवारीचा कार्यक्रम त्यानं त्याच बेसवर वाजवला. मी मागच्या खुर्च्यांत बसलो होतो. खालचा सूर कोण वाजवतोय हे डोळे मिटून सांगता येत होतं. किक आणि बेस एकत्र पडत होते, आणि त्यांच्यावर सरांचा उजवा हात मोकळा फिरत होता. ऑक्टोपॅडवाल्यानं उतरल्यावर त्याला विचारलं, “नवा बेस घेतलास का रे?”

खर्चाचा हिशेब: नवा तारांचा संच २,३०० रुपये, की नव्वद, आर्द्रतामापक साडेचारशे. फेकाव्या लागलेल्या जाड तारा २,६०० च्या होत्या, तो सगळ्यांत मोठा खर्च.

पूर्ण यश म्हणणार नाही. नटचं तोंड गोल झालं ते झालंच. की आत खोलवर बसते म्हणून आज चालतं आहे, पण प्रत्येक फेरफारीत ती पकड थोडी झिजणार. कधीतरी तो बेस मुंबईला न्यावाच लागेल आणि नट बदलता येतो का ते कारागिरालाच पाहावं लागेल. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या वेळी दहा मिनिटं आवाजाला दिली, नेकला एकही नाही. बॉडीच्या बाजूनं नेकवरून डोळा लावून पाहणं, जाड तार दोन टोकांना दाबून मधली फट बघणं, आणि विकणाऱ्यासमोरच ट्रस रॉड एक अष्टमांश फेरा सैल करून परत आणणं, एवढं झालं पाहिजे होतं. हे करताना योग्य माप आपोआप कळतं, आणि की सोबत मागून घेता येते. विकणारा नको म्हणाला तर तीही माहितीच आहे. ओल्या हवेच्या गावातून कोरड्या गावात वाद्य येतंय हे लक्षात ठेवून पहिले सहा महिने महिन्यातून एकदा मोजायलाही हवं होतं. नाशिकमध्ये वर्षभरात हवा इतकी फिरते की इथला बेस एकदा सेट करून विसरता येत नाही. नेक नेमकी कुठल्या बाजूला सरकेल हे तिच्या लाकडावर असतं, म्हणून दुसऱ्याच्या बेसचा अनुभव आपल्याला लागू करू नये.

तारांची जाडी बदलणं हा त्याला किरकोळ बदल वाटला. तो सेटअपच बदलतो: नेक, हाडाच्या नटच्या खाचा, सॅडल, सगळं. जाड तारा वाईट नाहीत. खालच्या सुरात ट्यून करणाऱ्याला त्या हव्यातच. पण एक गोष्ट सुदैवानं टळली. त्या तारा बसाव्यात म्हणून त्यानं हाडाच्या नटच्या खाचा कानशीनं रुंद केल्या नाहीत. केल्या असत्या तर ४५–१०५ वर परत येताना तारा खाचांत हलल्या असत्या आणि तो हाडाचा नटही बदलावा लागला असता.

माझ्याकडून झालेली चूक मला सर्वांत जास्त टोचते. रात्री साडेदहाला, वाद्य न पाहता, मोजमाप न विचारता मी “पाव फेरा आवळ” म्हणालो. निदान “कुठली की आहे?” एवढं विचारलं असतं तरी नट वाचला असता. तो सीएनसीवर मायक्रोमीटर धरणारा मुलगा आहे, मापाचं महत्त्व त्याला माझ्याहून जास्त कळतं. त्याला फक्त हे माहीत नव्हतं की त्या बेसचं माप इंचात असतं. ते मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तेव्हापासून फोनवर मी ट्रस रॉडबद्दल काही सांगत नाही. तारा सैल कर आणि घेऊन ये, एवढंच.

आणि नवरात्रातच, व्हिडिओ पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो सरांशी बोलला असता तर? मला वाटतं तेव्हा त्याला ते जमलं नसतं. तीन महिने त्या ऑर्केस्ट्रात, त्यात समोर वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस. मी त्याच्या जागी असतो तर मीही तारांचं पाकीटच विकत घेतलं असतं. पण मंडळींतल्या कुणीतरी, ऑक्टोपॅडवाल्यानं किंवा गायकानं, नवा बेसवाला आल्यावर पहिल्याच तालमीत कोण काय सोडणार हे विचारायला हरकत नव्हती. नवं वाद्य आलं की जुन्यांना थोडं सरकून बसावं लागतं आणि ते नव्यानंच मागावं अशी अपेक्षा जड जाते.

यंदाच्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा आला. पाऊस लागून तीन आठवडे झाले होते. जाड तार तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर खरखरत होती. या वेळी बॅगेतून बेसच्या आधी वही निघाली. दर महिन्याची तारीख, आर्द्रता, आठव्या फ्रेटची फट, तारा कधी लावल्या. शेवटची नोंद ०.२०. त्यानं स्वतःची ३/१६ ची की काढली, दातकोरणीनं नट साफ केला, की शेवटपर्यंत आत बसल्याची दोनदा खात्री केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. त्यानं एक अष्टमांश फेरा सैल केला, तारा सुरात आणल्या आणि वहीत लिहिलं: ‘उद्या मोजणे.’